तरंगता एअरेटर कलतोय, अँपिअर चढताहेत, मोटर ट्रिप होतेय: मोटर खोलायच्या आधी काय काय बघायचं

साखर कारखान्याच्या किंवा डिस्टिलरीच्या ईटीपीवर (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटवर) काम करणाऱ्यांसाठी हे लिहितोय. तिथल्या टाकीत तरंगत पाणी उडवून त्यात हवा मिसळणारं यंत्र म्हणजे एअरेटर. गाळप हंगाम रंगात आला की हा फोन ठरलेला: "एअरेटर वाकडा झालाय, मोटर सारखी ट्रिप होतेय, रिवाइंडिंगला पाठवू का?" संशय दर वेळी मोटरवर. मोटर बिचारी बहुतेक वेळा ठणठणीत असते. दोष असतो तो फायबरमध्ये, म्हणजे फ्लोटमध्ये नाहीतर पंख्यात.

फायबर गंजत नाही, हे खरं. म्हणून एकदा बसवलं की त्याच्याकडे कुणी बघत नाही. पण काचेची मॅट आणि रेझिन मिळून झालेली ही वस्तू पाणी पिते. तेही चकचकीत पृष्ठभागातून फारसं नाही, तर कापलेल्या कडेतून आणि बोल्टच्या भोकातून. पुढचं सगळं ह्याच एका गोष्टीभोवती फिरतं.

मी धरून चाललोय की तुमच्याकडे तीन फ्लोटची फ्रेम आहे, मध्ये मोटर उभी आहे आणि खाली पंखा आहे. पंखा थेट मोटरला जोडलेला असेल (१४४० आरपीएम) किंवा गिअरबॉक्समधून हळू फिरणारा मोठा असेल. दोन्हींच्या तपासणीत थोडा फरक आहे, तो जागच्या जागी सांगतो.

लक्षणं

तिन्ही फ्लोटवरची पाण्याची रेघ सारखी दिसत नाही. फवारा एका बाजूला जास्त उडतो किंवा त्याची उंची घटलीय. मुरिंगचा (एअरेटर जागेवर बांधून ठेवणारा) एखादा वायर रोप ताणलेला, दुसरा लोंबतोय. ओव्हरलोड रिले उडतो, रिसेट केला की थोडा वेळ चालतो आणि पुन्हा उडतो. डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) २ च्या आसपास असायचा तो ०.५ वर आलाय, रात्रपाळीला वास येतो. पंख्याच्या कडेला पांढरे दोरे लोंबताना दिसतात. फ्लोटवर मसुराएवढे फोड.

सगळं एकदम कधीच दिसत नाही. आधी एकच गोष्ट ठरवा: हे हळूहळू झालं की एका दिवसात? लॉगबुक उघडा आणि गेल्या दोन महिन्यांचे अँपिअर बघा. रोज थोडे थोडे चढत गेले असतील तर फ्लोट पाणी पितोय. कालपर्यंत बरोबर होते आणि आज उडी मारली, तर काहीतरी अडकलंय, तुटलंय, नाहीतर लाइनचा घोळ आहे. लॉगबुकात रोज तोच आकडा लिहिलेला सापडला तर वाचलाच नाही असं समजा. त्या वहीचा उपयोग नाही.

आणि रिलेचं सेटिंग वाढवून चालवू नका. रिले मोटर वाचवतोय.

काठावरून, फुकटात

पहिलं, टाकीची पातळी. टाकी पक्क्या काठांची असेल आणि एअरेटर फिक्स असेल तर पातळी दोन-चार सेंटिमीटर वर गेली तरी पंखा जास्त बुडतो आणि अँपिअर वाढतात. तरंगत्या एअरेटरला पातळीने फरक पडायला नको. पण मुरिंग आखूड बांधलं असेल आणि पातळी वर आली, तर वायर रोप फ्रेमला खाली ओढून धरतो आणि एअरेटर बुडाल्यासारखा चालतो. रोप सैल करून बघा. खर्च शून्य. केबललाही हेच लागू आहे: जड केबल एका कोपऱ्यातून ताणली गेली असेल तर त्या बाजूला कल दिसतोच.

दुसरं, पाण्याची रेघ. एअरेटर बंद करा, पाणी स्थिर होऊ द्या, फ्लोटवरचा फेस आणि शेवाळ ब्रशने काढा, मगच मोजा. फेसावरून मोजलेली रेघ खोटी असते. तिन्ही फ्लोटच्या वरच्या कडेपासून पाण्यापर्यंतचं अंतर लिहून ठेवा.

ह्या मोजमापातून सरळ हिशेब निघतो. फ्लोट गोल, सरळ भिंतीचा आणि १ मीटर व्यासाचा असेल तर त्याचं क्षेत्रफळ सुमारे ०.७८५ चौरस मीटर. म्हणजे तो १ सेंटिमीटर जास्त बुडाला तर जवळपास ८ किलो जादा वजन आलं. एकच फ्लोट ५ सेंटिमीटर खाली गेलाय? त्याच्या पोटात ४० लिटरच्या आसपास पाणी आहे. तीन फ्लोटच्या फ्रेममध्ये एका फ्लोटचं वजन वाढलं की ते त्याच फ्लोटवर येतं, दुसरे दोघे मदतीला येत नाहीत. म्हणून कल इतका स्पष्ट दिसतो. तिन्ही सारखेच खाली गेले असतील तर कल दिसणारच नाही, फक्त अँपिअर वाढलेले दिसतील. हीच केस सगळ्यात जास्त चुकते आणि मोटर रिवाइंडिंगला जाते.

वायरमनला हाक मारा, दहा मिनिटांचं काम

क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजचे अँपिअर आणि व्होल्टेज घ्या. व्होल्टेजमध्ये एक टक्क्याचा फरक असला तरी करंटमध्ये सहा ते दहा टक्के फरक पडू शकतो. एक फेज गरम आणि दोन थंड असतील तर आधी स्टार्टरचे कॉन्टॅक्ट, केबलचे लग आणि मोटरचा टर्मिनल बॉक्स बघा. एअरेटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये ओल शिरते, ग्लँड ढिला असतो. तिन्ही फेज सारख्याच वाढलेल्या असतील आणि व्होल्टेज कमी नसेल तर विजेचा दोष नाही, लोडचा आहे. पुढे चला.

मोटर नुकतीच रिवाइंड होऊन आली असेल तर फिरण्याची दिशा बघा. दोन वायरी उलटसुलट लागल्या तर पंखा उलटा फिरतो, पाणी वर उडवायच्या ऐवजी ढवळत बसतो. फवारा पडलाय पण आवाज नेहमीचाच येतोय, असं असेल तर नव्वद टक्के हेच.

आता एअरेटर काठाला आणा

इथे थोडं थांबून सांगतो. चालू एअरेशनच्या टाकीत पडलेला माणूस साध्या पाण्यात तरंगतो तसा तरंगत नाही. पाण्यात हवा मिसळली की ते हलकं होतं आणि माणसाला पेलत नाही. पोहता येतं म्हणून कुणी लाइफ जॅकेटशिवाय जाऊ नये. एअरेटरकडे जायच्या आधी आयसोलेटर बंद, त्याला कुलूप, किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात. त्याच टाकीतले शेजारचे एअरेटर, ब्लोअर असेल तर तोही, बंद.

काठाला आणला की पंख्याभोवती बघा. साखर कारखान्यात बगॅसचे (उसाच्या चोथ्याचे) गोळे, नायलॉनची दोरी, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि पोत्यांच्या सुतळ्या अडकतात. दोरी शाफ्टला गुंडाळली गेली की खालच्या बुशला कातरत जाते. कापून काढा, ओढून काढू नका. ओढताना पात्याची कड सोलवटते आणि तिथूनच पाणी शिरायला जागा मिळते.

मग नट-बोल्ट. लोखंड आवळल्यावर जसं आवळलेलं राहतं, तसं फायबर राहत नाही. दाबाखाली ते हळूहळू बसतं आणि बोल्टचा ताण उतरतो. म्हणून नवीन पंखा किंवा फ्लोट बसवल्यावर दुसऱ्या दिवशी आणि पुन्हा आठवड्याने आवळणं हा कामाचाच भाग आहे. पण पाना लांब घेऊन अंगाच्या जोराने आवळू नका. वॉशर लहान असला तर मॅट चिरडते, भोकाभोवती पांढरा डाग उमटतो. पांढरा डाग म्हणजे आत रेझिन फुटलंय आणि काच उघडी पडलीय. वॉशर मोठा आणि जाड वापरा. जीआय (जस्त चढवलेले लोखंडी) बोल्ट वापरले असतील तर ते गंजून फुगतात आणि भोक आतून उकलतात. इथे एसएस (स्टेनलेस स्टीलच्या) बोल्टमध्ये कंजुषी करून काही वाचत नाही.

फायबर वाजवून बघणं

हे सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात दुर्लक्षित. रुपयाचं नाणं किंवा छोटी हातोडी घ्या आणि फ्लोटवर, पात्यांवर, फ्लँजभोवती टिचकी मारत चला. बाजारात कलिंगड वाजवतात तसं. चांगल्या फायबरचा आवाज टणक आणि सारखा येतो. थर सुटले असतील तिथे भद्द येतो. खडूने त्या भागाची कड आखत जा. पंधरा मिनिटांत दिसतं की भद्द आवाजाचे डाग कुठल्या तरी भोकापासून, ब्रॅकेटपासून किंवा कापलेल्या कडेपासूनच सुरू होतात. मधोमध, सपाट जागी, कुठल्याही कडेपासून लांब असा डाग क्वचित मिळतो.

फोड दिसले तर एखादा टाचणीने फोडून बघा. गॉगल लावून, कारण आतलं पाणी दाबाखाली असतं आणि चिळकांडी उडते. त्याला आंबूस वास आला तर रेझिन आतून पाण्याने फुटायला लागलंय.

हे का होतं? साधं जीपी रेझिन, म्हणजे ऑर्थो पॉलिएस्टर, पाण्याच्या टाकीला ठीक आहे, ईटीपीला नाही. साखर कारखान्यात त्याचा खरा शत्रू आम्ल नसून कॉस्टिक आहे. क्लिनिंगला कारखाना थांबतो, इव्हॅपोरेटर कॉस्टिकने उकळून काढतात, आणि ते पाणी शेवटी ईटीपीकडेच येतं. न्यूट्रलायझेशन नीट झालं नाही तर पीएच वर जातो. पॉलिएस्टरचे बंध अल्कलीने तुटतात आणि उघडी पडलेली काचही त्यात झिजते. वर लाइम डोसिंगचा हात सढळ असेल तर विचारायलाच नको. एअरेटर दर हंगामात खराब होतोय आणि शेजारच्या कारखान्यातला तसाच एअरेटर टिकतोय, असं असेल तर आधी क्लिनिंगच्या दिवसांचे पीएच रीडिंग काढा. आयसोफ्थॅलिक रेझिन त्यामानाने बरं, व्हिनाइल एस्टर सगळ्यात टिकाऊ. पैसे जास्त लागतात, पण फ्लोट आणि पंखा दोनच वस्तूंना लागतात.

दुसरं कारण उन्हाचं. हंगाम संपला की एअरेटर काठावर काढून ठेवतात, एप्रिल-मेचं ऊन थेट अंगावर. जेलकोट (फायबरवरचा चकचकीत रेझिनचा थर) खडूसारखा पावडर धरतो, बारीक भेगा पडतात. पुन्हा पाण्यात गेला की त्या भेगांमधून सुरुवात. हंगामानंतर शेडमध्ये ठेवा, शेड नसेल तर ताडपत्री. ताडपत्री घट्ट गुंडाळू नका, आत घाम धरतो.

फ्लोट ओला आहे का

फ्लोटच्या आत पीयू फोम असतो. चांगला भरला असेल तर तो पाणी सहजी घेत नाही, पण साइटवर घाईत ओतलेल्या फोममध्ये पोकळ्या राहतात आणि कवचातून आलेलं पाणी तिथे साठतं. फ्लोट उतरवून वजन करा. ऊसगाडीच्या काट्यावर नको, त्याचा टप्पाच मोठा असतो. स्टोअरमधला साधा काटा घ्या. तिन्ही फ्लोट एकमेकांशी ताडून बघितले तरी पुरे, मूळ वजन माहीत नसलं तरी चालतं. शंका असेल तर सगळ्यात खालच्या जागी ६ मिलिमीटरचं भोक पाडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी खाली ओल असेल तर निकाल लागला.

ओला फोम वाळवायच्या नादाला लागू नका. वरून वाळल्यासारखा वाटतो, आत ओलाच राहतो. फ्लोट बदला.

पंखा आणि हादरा

इथे आरपीएमवर सगळं अवलंबून आहे. १४४० वर फिरणाऱ्या पंख्यात मध्यापासून १५ सेंटिमीटरवर ५० ग्रॅमचा तुकडा उडाला तर सुमारे १७ किलोचा झटका दर फेऱ्याला बेअरिंगवर बसतो. तोच हिशेब ६० आरपीएमच्या मोठ्या पंख्याचा करा: ८० सेंटिमीटरवर २ किलो वजन कमी-जास्त झालं तरी साडेसहा किलोच्या आत. म्हणजे जलद पंख्यात बॅलन्सिंग हाच मुख्य प्रश्न. हळू पंखा जोरात हादरत असेल तर वजनापेक्षा पात्यांचा कोन, वाकलेलं पातं, असमान बुडणं किंवा गिअरबॉक्सचं बेअरिंग बघा.

जलद पंख्याची नुसती कड झिजली असेल, दोरे बाहेर आले असतील पण मूळ घट्ट असेल, तर दुरुस्ती होते. दुरुस्तीनंतर दोन समांतर पट्ट्यांवर शाफ्ट ठेवून स्टॅटिक बॅलन्स करून घ्या. जड बाजू खाली येऊन थांबते. वजन कमी करायला कड घासू नका, हलक्या बाजूला रेझिन-मॅट चढवा. घासलेली कड म्हणजे पुन्हा उघडी काच.

लोखंडी पंख्यावर फायबरचं अस्तर असेल तर ते सोलून निघण्याचं कारण वेगळं आहे. फायबर उन्हात लोखंडाच्या दुपटीने किंवा त्याहून जास्त फुगतं, आणि खाली ब्लास्टिंग (वाळूचा मारा करून लोखंड खरबरीत करणं) न करता नुसतं पॉलिश पेपर मारून अस्तर चढवलं असेल तर एका हंगामात सुटतं. त्यावर ठिगळ टिकत नाही. सगळं काढून ब्लास्टिंगपासून सुरुवात करा.

ठिगळ का सुटतं

एकच जागा दर हंगामात उघडते, कारण ओल्या फायबरवर ठिगळ लावलेलं असतं. दुरुस्तीच्या जागेवर पारदर्शक प्लॅस्टिकचा चौकोन चारी बाजूंनी टेपने चिकटवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव दिसलं तर हॅलोजन लावून अजून वाळवा. हंगामाच्या घाईत हे कुणाला पटत नाही, पण स्पेअर फ्लोट ठेवला तर घाई करावीच लागत नाही.

कड घासताना उतार लांब द्या, जाडीच्या बारापट. ६ मिलिमीटर जाडी असेल तर सगळीकडून ७ सेंटिमीटरच्या वर. आखूड उतारावर नवीन थर टोपीसारखा बसतो आणि तसाच निघतो. ४५० ग्रॅमची मॅट एका थराला साधारण १ मिलिमीटर भरते, त्यावरून थर मोजा. शेवटी टिश्यू (काचेचा पातळ, कागदासारखा थर) आणि वरून भरपूर रेझिन. त्या शेवटच्या कोटात मेण घातलेलं रेझिन वापरा. पॉलिएस्टर हवेत उघडं राहिलं की वरून चिकट राहतं. भोकं आणि कापलेल्या कडा ब्रशने रेझिन पाजून बंद करा, बोल्ट बसवायच्या आधी. ह्या एका सवयीने अर्ध्या तक्रारी कमी होतात.

डिसेंबर-जानेवारीत सांगली-कोल्हापूरकडे सकाळी गारठा असतो, रेझिन लवकर धरत नाही. मग पोरं हार्डनर वाढवतात. दोन टक्क्यांच्या वर जाऊ नका, दुपारी काम करा. आणि हार्डनर (एमईकेपी) आणि कोबाल्ट (रेझिन लवकर धरावं म्हणून घालतात ते) एकमेकांत थेट कधीही मिसळू नका. आग लागते, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मग हार्डनर. हार्डनर डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, गॉगल हवाच.

काम झाल्यावर दुसऱ्या दिवशी ॲसिटोनचा बोळा घासून बघा, बोट चिकटलं तर रेझिन कच्चं आहे. बारकोल मीटर (फायबरचा कडकपणा मोजणारा) मिळाला तर उत्तम: रेझिनच्या डेटाशीटवरच्या आकड्याच्या ९० टक्के तरी यायला हवं. कच्चं ठिगळ पाण्यात सोडू नका.

इथे थांबा, माणूस बोलवा

पात्याच्या मुळाशी किंवा हबला आरपार भेग असेल तर ठिगळ लावायचं नाही. फिरताना तुटलेलं पातं काठावरच्या माणसाला लागू शकतं. पंखा बनवणाऱ्याकडे द्या नाहीतर नवीन घ्या.

गिअरबॉक्सचं तेल दुधाळ झालंय, घरघर येतेय, शाफ्ट हाताने फिरवताना एका जागी अडतो: गिअरबॉक्सवाला. ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन मोजायच्या मीटरवर) मोटरचं इन्सुलेशन १ मेगओहमच्या खाली आलं, तर मोटर वाइंडरकडेच, पंखा-फ्लोट कसेही असोत. एअरेटर उचलायला हायड्रा (चाकांची क्रेन) लागणार असेल आणि उचलायचे हुक फायबरमध्येच बसवलेले असतील, तर भद्द आवाज येणाऱ्या भागाजवळच्या हुकावर भार देऊ नका. पट्टा फ्रेमखालून घ्या आणि रिगिंगचा माणूस समोर असू द्या.

टाकी रिकामी करून आत उतरायचं असेल तर तो आपला विषय नाही. तळाच्या गाळात हायड्रोजन सल्फाइड असतो, गाळ ढवळला की सुटतो, आणि जास्त प्रमाणात असला की नाकाला वास येणंच बंद होतं. गॅस मीटर, हवा, वर उभा माणूस, परमिट हे सगळं असलेली टीम बोलवा.

एकाच जागेचं ठिगळ दोन वेळा सुटलं तर तो भाग बदला.

नवीन फ्लोट किंवा पंखा घेताना ऑर्डरमध्ये रेझिनचा प्रकार लिहा, "एफआरपी" (म्हणजे हेच फायबर) एवढंच लिहू नका. टिश्यू किती, मॅट किती थर, कडा आणि भोकं रेझिनने बंद, हे लिहा. आणि भोकं पाडताना निघालेला तुकडा मागून घ्या. कारखान्याच्या लॅबमध्ये मफल फर्नेस असतेच. तुकड्याचं वजन करून ६०० अंशांच्या आसपास जाळा, रेझिन निघून जातं आणि काच उरते. ती चिमट्याने उकलली की मॅटचे थर एकेक मोजता येतात. काचेबरोबर पांढरी पावडर बरीच उरली तर रेझिनमध्ये फिलर कोंबलंय, आणि तसा माल परत पाठवायला ऑर्डरचा कागद आणि तो तुकडा पुरतात.